खोटं मोजायचं कसं आणि खोडायचं कसं

ही रीत ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळासाठी आहे. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, सुरू करायची आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी थांबायचं. मधले रविवार वगळले की ४० दिवस भरतात. मी रविवारही धरते, म्हणून माझे ४६ होतात. सामान फारसं लागत नाही. पर्समध्ये मावेल एवढी वही आणि एक पेन पुरे. पेन्सिल नको, खोडरबर नको, व्हाइटनर तर मुळीच नको. का ते पुढे येईल.

मी ३३ वर्षं नर्स होते. ही रीत एका खोट्यातून निघाली, म्हणून आधी ते सांगते.

१९८९ साल. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला माझी नाइट होती. ३६ पेशंट आणि आम्ही दोघी. रात्री २ वाजता माझ्या जोडीदारणीला दुसऱ्या वॉर्डला पाठवलं. पहाटे ४ चा टी.पी.आर. घ्यायचा होता, म्हणजे प्रत्येकाचं टेंपरेचर, नाडी आणि श्वास. तेव्हा पाऱ्याचे थर्मामीटर होते, काखेत धरून काही मिनिटं थांबावं लागे. १७ ते २१ या पाच खाटांना संध्याकाळी ताप नव्हता आणि पाचही जणी झोपलेल्या होत्या. मी त्यांना हातही न लावता चार्टवर ९८.४ लिहिलं. नाडीचे आकडे मात्र थोडे थोडे वेगळे घातले, खरे वाटावेत म्हणून. आज लिहितानाही त्या वेगवेगळ्या आकड्यांचीच जास्त लाज वाटते. दमणूक समजून घेता येते. ते आकडे दमणुकीने लिहिलेले नव्हते.

सहा वाजता मावशी धावत आली. १९ नंबर थंडीने कुडकुडत होती. १०३ ताप. पोटाच्या ऑपरेशनचा चौथा दिवस. राउंडला डॉक्टरांनी चार्ट पाहिला आणि म्हणाले, ताप दोन तासांत चढलेला दिसतोय. पुढचं त्या हिशेबाने ठरलं. इन्चार्ज सिस्टरनी मला बाजूला घेतलं. “४ चं तू स्वतः घेतलंस ना?”

“हो सिस्टर.”

बाईचा टाका पिकला होता. तो उघडून धुतला, औषध बदललं, ती बरी होऊन घरी गेली. माझ्या आकड्यामुळे तिचं काय वाढलं, किती वाढलं, हे मला कळलं नाही. ११ व्या दिवशी मी इन्चार्ज सिस्टरकडे गेले आणि सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. फाइल मागवून घेतली, माझ्यापुढे ठेवली आणि त्या पाच नोंदींवर एकेक आडवी रेघ ओढायला लावली. रेघ अशी की खालचा आकडा वाचता यावा. शेजारी “घेतलं नाही”, सही, त्या दिवसाची तारीख आणि वेळ. आमच्या कामात चुकीची नोंद अशीच दुरुस्त करतात. ती पुसत नाहीत, गिरवून काळी करत नाहीत, पान फाडत नाहीत. चूक दिसत राहते आणि तिच्याशेजारी खरं उभं राहतं.

ते ११ दिवस मी चर्चला जात होते, गाणी म्हणत होते. बायबलातल्या बत्तिसाव्या स्तोत्रात कवी सांगतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली. त्याचा अर्थ मला त्या दिवसांत अंगावर कळला.

काय मोजायचं

बायबलातल्या दहा आज्ञांपैकी खोट्याबद्दलच्या आज्ञेचे आमच्या घरात दोन नंबर होते. आई वसईची, कॅथलिक. वडील नगरचे, १८३१ पासून तिथे असलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या वळणातले, प्रॉटेस्टंट. “शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको” ही आईच्या मोजणीत आठवी आणि वडिलांच्या मोजणीत नववी. कॅथलिक लोक जुन्या काळचे धर्मपंडित संत ऑगस्टीन यांच्या मांडणीप्रमाणे सुरुवातीच्या दोन आज्ञा एकत्र धरतात आणि शेवटची लोभाची आज्ञा दोन करतात. वडिलांच्या मंडळीत मूर्तीची आज्ञा वेगळी मोजतात. लहानपणी थाप पकडली गेली की आई म्हणायची “आठवी मोडलीस” आणि वडील म्हणायचे “नववी”. एका थापेत दोन आज्ञा मोडतात असं आम्हा भावंडांना कितीतरी वर्षं वाटत होतं.

नंबर कुठलाही घ्या, शब्द नीट वाचा. आज्ञा मुळात साक्षीबद्दल आहे. जुन्या करारातल्या कायद्यात, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात, खोट्या साक्षीदाराला तीच शिक्षा सांगितली आहे जी तो दुसऱ्यावर आणू पाहत होता. म्हणजे खोट्याचं वजन शेजाऱ्याला काय झालं यावरून करायचं, स्वतःच्या अब्रूवरून नाही. वहीत पहिला रकाना “कोणाला” असा आहे तो त्यामुळे.

पण एखादा माणूस आतून कसा आहे हे ओळखायचं तर मी खोट्यांची संख्या पाहत नाही. खोटं आणि कबुली यांच्यात किती वेळ गेला ते पाहते. हे मला सप्पीराच्या गोष्टीत सापडलं. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हनन्या आणि त्याची बायको सप्पीरा जमीन विकतात, थोडे पैसे ठेवून घेतात आणि मंडळीला सगळेच दिल्याचं दाखवतात. येशूचा शिष्य पेत्र हनन्याला स्पष्ट सांगतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझेच होते. ठेवून घेण्यात गुन्हा नव्हता, दाखवण्यात होता. हनन्या कोसळून मरतो. ही गोष्ट लोक भीतीने वाचतात आणि पुढची ओळ निसटते. सप्पीरा आत आली ती सुमारे तीन तासांनी, घडलेलं काही माहीत नसताना. पेत्राने तिला सरळ विचारलं, जमीन एवढ्यालाच विकली का? दार उघडं होतं. ती म्हणाली, हो, एवढ्यालाच. “हो सिस्टर” म्हणणाऱ्या बाईला हा तीन तासांचा आकडा विसरता येत नाही.

पेत्र स्वतःही खोटं बोललेला होता. येशूला पकडलं त्या रात्री, तीन वेळा, “मी त्याला ओळखत नाही.” कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन रडला, त्याच रात्री. माझे ११ दिवस होते. तुमचे किती आहेत, ते या ४० दिवसांत पाहायचं.

वही

मोजण्याची पद्धत माझी नाही, येशूसंघ (जेझुइट) स्थापणाऱ्या संत इग्नेशियस लोयोलांची आहे. पुण्यात एका येशूसंघीय फादरांच्या तीन दिवसांच्या साधनेत मी ती शिकले. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्य केलेल्या त्यांच्या साधनाक्रमात ती आहे. एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच ठरवायचं की आज यावर लक्ष ठेवीन. चुकलं की तिथल्या तिथे हात छातीवर ठेवायचा, चार माणसांत असलात तरी, कोणाच्या लक्षात येत नाही. दुपारच्या जेवणानंतर तासातासाचा हिशेब आठवून तितके ठिपके काढायचे, रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा. रोजच्या दोन रेघा, आठवड्याच्या चौदा. मग काल आणि आज, गेला आठवडा आणि हा आठवडा, असं ताडून पाहायचं.

मी ठिपक्यांच्या जागी रकाने केले, कारण नर्सला रकाने लागतात. कोणाला. किती वाजता. काय बोलले. कशाची भीती होती. कधी खोडलं. शेवटचा रकाना सुरुवातीला मोकळाच राहतो, राहू द्या.

पहिले चार दिवस काही सुधारू नका, फक्त लिहा. पहिल्या वर्षी माझे पहिल्या दिवशी ९ निघाले, आणि मी स्वतःला खरं बोलणारी समजत होते. एक उतारा देते. सकाळी ७.४०, जाऊबाईंना, “निघालेच आहे”, तेव्हा केस ओले होते. ११.१५, बँकेतल्या बाईंना, “काल फोन लावला होता”, लावला नव्हता. १.००, पेशंटच्या मुलाला, “डॉक्टर आत्ताच येऊन गेले”, कारण त्याचा आवाज चढला होता.

भीतीचा रकाना टाळू नका. वहीतलं खरं काम तिथे होतं. दहा दिवसांत दिसेल की खोटी पन्नास असली तरी भीती दोन किंवा तीनच आहेत. माझी एकच निघाली. कोणी माझ्याकडे “कामचुकार” म्हणून पाहू नये.

काय धरायचं यावर घोळ होतो. मध्ययुगातल्या थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने खोट्याचे तीन प्रकार केले: गंमतीचं, सोयीचं आणि अपाय करणारं. तिन्ही चूकच म्हटली, पण वजन सारखं मानलं नाही. मी गोष्ट सांगणं, नाटक करणं, दोघांनाही ठाऊक असलेली चेष्टा लिहीत नाही. “कशी आहेस?” “मजेत” हेही नाही, विचारणाऱ्याला खरंच कळायला हवं होतं ते सोडून. बाकी सगळं लिहा. “पाच मिनिटांत पोचतो” लिहा. “बाबा घरी नाहीत म्हणून सांग” हे मुलाकडून वदवून घेतलं असेल तर दोनदा लिहा.

प्रार्थनासभेत उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात, ती साक्ष तपासा. ताप गोळीने उतरला आणि साक्षीत प्रार्थनेच्या क्षणी उतरला असं झालं, तर ते खोटं आहे, आणि देवाच्या नावाने बोललेलं आहे. हनन्याचं खोटं या जातीचं होतं, अधिक भाविक दिसण्याचं. आपल्या सभांमध्ये याला फार सूट मिळते. मला ते दुखतं, कारण ज्याची गोळी लागू पडत नाही तो आजारी माणूसही तिथे बसलेला असतो आणि ऐकत असतो.

आणि “नरो वा कुंजरो वा” लिहा. शब्दाने खरं, हेतूने खोटं. बायबलातल्या अब्राहामाने गरारच्या अबीमलेख राजाला सांगितलं की सारा माझी बहीण आहे. ती त्याची सावत्र बहीण होतीच. बायको आहे एवढंच गाळलं, आणि राजाने तिला बोलावून नेलं. ख्रिस्ती लोकांत पुढे याची मोठी विद्या झाली. तोंडाने अर्धं वाक्य बोलायचं आणि उरलेलं मनात म्हणून ते पूर्ण करायचं. पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ मध्ये ही पळवाट बंद केली. माझी कसोटी सोपी आहे: ऐकणाऱ्याच्या डोक्यात जे चित्र उभं राहिलं, ते तुम्हांला तसंच उभं राहायला हवं होतं का? मग शब्द कोणते होते ते सांगू नका, नोंद करा.

शपथांचं एक छोटं काम या दिवसांत जोडीने करा. “आईशप्पथ”, “देवाशपथ”, “गळ्याची शपथ” पूर्ण बंद. तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही एवढंच असू द्या, असं येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं. इंग्लंडातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी सतराव्या शतकात ते शब्दशः घेतलं. कोर्टात शपथ घेईनात म्हणून तुरुंगात गेले. दुकानात घासाघीस बंद करून एकच भाव लावू लागले, कारण आधी चढवून सांगितलेला भावही त्यांना खोटंच वाटे. शपथ सोडली की आठवड्यात जाणवतं की आपल्या साध्या वाक्यावर आपलाच विश्वास कमी होता.

खोडायचं कसं

पाचव्या दिवसापासून खोडायला लागा. त्या दिवसाचं, त्या दिवशी, जमल्यास अंधार पडायच्या आत. सर्वांत हलक्यापासून सुरुवात करा. जाऊबाईंना फोन: “सकाळी निघालेच म्हणाले ते खरं नव्हतं, माझी आंघोळच व्हायची होती.” एवढंच. वाक्याची बांधणी तीन तुकड्यांची असते: मी असं म्हटलं, ते खरं नव्हतं, खरं असं आहे. चौथा तुकडा जोडू नका. “पण त्या दिवशी इतकं काम होतं” हा चौथा तुकडा म्हणजे व्हाइटनर आहे. समोरच्याने कारण विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर थांबा.

जिथे बोललात तिथेच खोडा. दहा जणांच्या ग्रुपवर टाकलं असेल तर त्या ग्रुपवर, खासगीत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात पेत्राने नाकारलं तेव्हा अंगणात कोळशाचा विस्तव होता, आणि पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी येशू त्याला भेटला तेव्हाही कोळशाचाच विस्तव होता. नाकारलं तीनदा, विचारलंही तीनदा, तुझी माझ्यावर प्रीती आहे का? जितक्या वेळा मोडलं तितक्या वेळा जोडलं.

पैसे अडकले असतील तर तोंडाने खोडून भागत नाही. जकातदार जक्कय येशूपुढे उभा राहून म्हणाला की कोणाचं अन्यायाने घेतलं असेल ते चौपट परत करतो. चौपट जमणार नाही, निदान जेवढ्याला तेवढं परत करा.

कॅथलिक वाचकांना एक सांगते, आईकडून ऐकलेलं. कन्फेशनमध्ये फादरांना सांगितलं म्हणजे शेजाऱ्याला सांगून झालं असं नाही. तुमच्याच चर्चची शिकवण आहे की सत्याविरुद्धच्या अपराधाची भरपाई करणं बाकी राहतं, क्षमा मिळाली तरी. प्रॉटेस्टंट वाचकांना वडिलांकडचं सांगते. “मी देवापाशी मिटवलं” हे वाक्य ज्या माणसाशी खोटं बोललात त्याला कळलेलं नसतं.

काही गोष्टी मात्र खोडायला जाऊ नका. तुमच्या कबुलीत दुसऱ्याचं गुपित उघडं पडत असेल तर थांबा. आपलं मन हलकं करण्यासाठी एखाद्याच्या म्हाताऱ्या आईला जुनं काही ऐकवत असाल तर थांबा आणि आधी कोणा शहाण्या माणसाशी बोला. आणि “खरं तेच बोलले” म्हणून कोणाचे दोष कारण नसताना चारचौघांत मांडू नका. कॅथलिक शिकवणीत त्याला वेगळं नाव आहे आणि तेही याच आज्ञेखाली मोडतं. नर्सिंग हॉस्टेलमध्ये मी या जातीच्या खऱ्या बोलण्याने उद्ध्वस्त झालेल्या दोन मुली पाहिल्या आहेत.

जिथे हात थांबतो

वॉर्डात रोज एक प्रसंग येई. नातेवाईक दाराशी अडवत, “सिस्टर, बाबांना कॅन्सरचं सांगू नका.” आत गेलं की बाबा मनगट धरत, “सिस्टर, मला काय झालंय?” सुरुवातीची वर्षं मी “काही नाही हो, अल्सर आहे” म्हणत होते. माणसं डोळ्यांत बघून समजून घेत, आणि पुन्हा विचारत नसत. शेवटचे दिवस ती एकटी काढत, कारण भोवतीचे सगळे नाटकात होते.

ऑगस्टीनने खोट्यावर लिहिताना एक प्रसंग दिला आहे. त्याच्याच जन्मगावच्या, थागास्टेच्या, फिर्मस नावाच्या बिशपने एका माणसाला लपवलं होतं. सम्राटाचे लोक विचारायला आले तेव्हा तो म्हणाला, मी खोटं बोलणार नाही आणि त्याला धरूनही देणार नाही. छळ सोसला, वाक्य बदललं नाही, आणि शेवटी सम्राटाने त्या माणसाला माफी दिली. मला या वाक्याने काम करायला शिकवलं. खोटं आणि धोका यांच्यामध्ये तिसरी जागा असते, ती महाग असते एवढंच. मी बाबांना विचारू लागले, “तुम्हांला काय वाटतंय?” ते बोलत. मग म्हणायचे, “हे डॉक्टरांनी तुमच्याजवळ बसून सांगायला हवं. मी आज त्यांना आणते.” आणि आणत असे, बाहेर मुलाशी भांडण झालं तरी. लहान मुलाला इंजेक्शन देताना “दुखणार नाही” सोडलं. “दुखेल, दहा मोजेपर्यंत. मोजूया दोघं.” मूल रडे, पण दुसऱ्या दिवशी हात पुढे करी.

प्रत्येकाला तिसरी जागा सापडतेच असं मी म्हणणार नाही. बायबलात मिसर म्हणजे इजिप्तमध्ये शिफ्रा आणि पुवा या सुइणींनी फारो राजाला थाप मारून बाळं वाचवली आणि देवाने त्यांचं भलं केलं. ऑगस्टीन म्हणतो की बक्षीस दयेचं होतं, थापेचं नव्हतं. त्या दोघी माझ्या पेशातल्या. त्यांच्या जागी मी असते तर वहीत लिहिलं असतं आणि खोडलं नसतं.

जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी नाझी तुरुंगात असताना यावर लिहिलं. ९ एप्रिल १९४५ ला त्यांना फाशी झाली. त्यांचं उदाहरण असं: मास्तर भर वर्गात मुलाला विचारतात, तुझा बाप दारू पिऊन घरी येतो हे खरं का? खरं असतं, मूल “नाही” म्हणतं. बोनहोफर म्हणतात, खोटं आहे, पण दोष मास्तरांचा आहे. तो प्रश्न विचारायचा त्यांना अधिकार नव्हता.

हे वाचताना मला नगरकडची घरं आठवतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. धर्म बदलल्याने गावकुसाबाहेरचं घर काही आत आलं नव्हतं. म्हणून काही घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा. माझ्या वडिलांनी आमच्या दाखल्यांवर “ख्रिस्ती” लिहिलं आणि सवलती सोडल्या. स्वतःचं नुकसान होत असलं तरी शब्द न फिरवणारा देवाच्या मंडपात राहील असं पंधरावं स्तोत्र सांगतं, ते वडिलांना प्रिय होतं. पण ते मिशनच्या शाळेत पगारी मास्तर होते. ज्याच्या मुलीची इंजिनिअरिंगची जागा त्या कागदावर टांगलेली आहे त्याला मी वडिलांचं उदाहरण ऐकवणार नाही. प्रश्न विचारणाराच अन्यायाने विचारतो आहे. त्या माणसाला मी एवढंच सांगते की नोंद करा, भीतीचा रकाना मोठा लिहा आणि निदान एका माणसाला हे ओझं दाखवा. गप्प राहण्याने हाडं झिजतात ती मी पाहिली आहेत.

घरात लहान मुलं असतील तर त्यांच्याकडून वही लिहून घेऊ नका. तुमची एखादी नोंद त्यांच्यादेखत खोडा. आणि मूल आपणहून येऊन खरं सांगेल तेव्हा फुटलेल्या कपाची शिक्षा त्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी तुकडे दोघांनी मिळून गोळा करा.

शेवटच्या शनिवारी वही पूर्ण वाचा. आकडा कमी झाला का ते बघा, पण आधी दोन वेळांमधलं अंतर बघा. पहिल्या आठवड्यात खोडायला दोन-तीन दिवस लागत होते, शेवटच्यात तासाभरात होतं, तर काम झालं आहे. काहींना वाक्य तोंडातून निघतानाच थांबता येतं. मलाही कधी कधी येतं.

काही ओळींचा शेवटचा रकाना मोकळा राहील. माणूस वारलेला असेल, पत्ता नसेल. माझ्या प्रत्येक वर्षीच्या वहीत पहिली ओळ तीच असते. १९ नंबर, १९८९, पहाटे ४. मी फाइलमध्ये रेघ ओढली, इन्चार्ज सिस्टरना सांगितलं, पण त्या बाईला सांगितलं नाही. ती दोन दिवस आधीच घरी गेली होती आणि तिचा पत्ता फाइलमध्ये होता. फाइल माझ्यापुढे उघडी असताना मी तो उतरवून घेतला नाही. नंतर मागायचं धैर्य झालं तोवर जुने कागद नष्ट झालेले होते.

निवृत्त झाल्यापासून रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या ओट्यावर मी म्हाताऱ्या माणसांचं बी.पी. आणि नाडी बघते. १५ सेकंद मोजून चारने गुणतात, सगळे तसंच करतात आणि ते चालतं. मी मनगट पूर्ण ६० सेकंद धरते. रांगेतल्या आजी कुरकुरतात की किती वेळ लावतेस ग. मग आकडा लिहिते.